बॅटरी गेली डिकीत!

माझ्या उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या जरा खाली, एक गुळगुळीत डाग आहे. चहाच्या टपरीवर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, कुणाशी हात मिळवताना कधी ना कधी प्रश्न येतोच, ‘हे काय रे?’ मी सांगतो, ‘ड्रॅग रेसिंग.’ समोरच्याचे डोळे मोठे होतात. त्याला वाटतं, पठ्ठ्या दोनशेच्या स्पीडने आपटला असणार. मग खरं सांगावं लागतं. गाडी तेव्हा ताशी सत्तरने चालली होती, शेजारी बायको बसली होती आणि आम्ही एका मित्राकडे साबुदाण्याची खिचडी खायला निघालो होतो.

गोष्ट २००७ सालची. मी एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीतल्या आपल्या देशी लोकांच्या राजधानीत राहत होतो. दिवसभर एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचं, संध्याकाळी ओक ट्री रोडवर भाजी घ्यायची, रविवारी कॉलिंग कार्डाचा लांबलचक पिन दाबून ठाण्याला फोन लावायचा. टिपिकल एच-वन-बी लाइफ! बाकीचे लोक वापरलेली कॅमरी किंवा अ‍ॅकॉर्ड घ्यायचे. मी १९९१ची फोर्ड मस्टँग घेतली. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, मॅन्युअल गिअर, रंग उडालेलं छप्पर. बायको पहिल्यांदा बसली तेव्हा एवढंच म्हणाली, ‘हिचा आवाज आपल्या चाळीतल्या पाण्याच्या पंपासारखा येतो.’

पण त्या आवाजानेच मला इंग्लिशटाऊनला नेलं. एडिसनपासून अर्ध्या-पाऊण तासावर तिथे ‘रेसवे पार्क’ होता. १९६५ साली सुरू झालेला, अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या बड्या ठिकाणांपैकी एक. मोठ्या शर्यती नसतील तेव्हा आपल्यासारख्या कुणालाही पैसे भरून, जबाबदारीच्या कागदावर सही करून, रोजची गाडी तिथे पळवता यायची. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. मधे दिव्यांचा खांब, त्याला म्हणायचं ख्रिसमस ट्री. पिवळे दिवे लागतात, हिरवा लागतो आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, घाट नाही. पंधरा सेकंदांत खेळ खलास आणि हातात एक कागदाची चिठ्ठी, ‘टाइम स्लिप’.

या चिठ्ठीचं व्यसन लागतं. माझा सगळ्यात चांगला टाइम होता १४.६ सेकंद. त्या चिठ्ठीत आणखी एक आकडा असतो, पहिल्या ६० फुटांना लागलेला वेळ. माझा होता २.२ सेकंद. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहणारा, मूळचा नागपूरचा एक मित्र या विषयातला स्वयंघोषित गुरू होता. चिठ्ठी बघून तो म्हणाला, ‘काय बे, गाडी पळून नाही राहिली, जागेवरच चाकं फिरून राहिली. मागं वजन टाक ना थोडं. बॅटरी डिकीत टाक.’

आता यामागचा फंडा सांगतो, कारण तो खरंच मस्त आहे. मस्टँगला इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते, पण इंजिन मात्र पुढे. म्हणजे निम्म्याहून बरंच जास्त वजन पुढच्या चाकांवर आणि जोर लावायचा मागच्यांनी. लोकल सुटताना उभा माणूस मागे झुकतो, तसं गाडी सुटताना वजन मागे सरकतं. पण सुरुवातीलाच तिथे थोडं जास्त वजन असेल तर टायर घसरत नाही, रस्ता पकडतो. साधी बॅटरी १८ किलोच्या आसपास असते. ती पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढून उचलून मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे नेली, तर तरफेच्या हिशेबाने मागच्या चाकांवर १८ नाही, जवळजवळ २३ किलो वाढतात आणि पुढून तेवढेच कमी होतात. तीही ठेवायची उजव्या बाजूला. कारण अशा गाडीत जोरात सुटताना इंजिनाच्या पिळामुळे उजवं मागचं चाक हलकं होतं आणि आधी तेच घसरतं. गाडीचं एकूण वजन कमी होतं का? अजिबात नाही. वायर आणि डबा धरून चार-पाच किलो वाढतंच. खेळ वजनाचा नाही, वजनाच्या जागेचा आहे.

नाही म्हटलं तरी आपण इंजिनिअर. त्यात वडील महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात वायरमन, जन्मभर खांबावर चढलेले. वायरिंग तर आपल्या रक्तातच! एका शनिवारी, बायको लायब्ररीत गेलेली असताना, मी आणि गुरूने काम उरकून टाकलं.

काय काय केलं ते आज सांगतानाही लाज वाटते. बॅटरीपासून पुढे स्टार्टरपर्यंत वीस फूट केबल लागणार होती. चांगली जाड केबल महाग वाटली म्हणून गाडीतल्या म्युझिक सिस्टिमच्या अ‍ॅम्प्लिफायरचं किट आणलं. त्यातली वायर बारीक, चार गेजची. स्टार्टर फिरताना सहज दोनशे अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला ही वायर वीस फुटांत एक अख्खा व्होल्ट खाते. दुकानातली जाड, ‘वन-ऑट’ नंबरची केबल अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी खाते. हे गणित मी नंतर केलं. आधी करायला हवं होतं.

किटमध्ये एक फ्यूज होता. तो लावला, चावी फिरवली आणि फट्! स्टार्टरच्या झटक्यात उडाला. कारण तो गाण्यांसाठी होता, इंजिनासाठी नाही. दुकान बंद झालं होतं. गुरू म्हणाला, ‘काढून टाक ना बे. कंपनीच्या बॅटरीच्या जाड वायरवर तरी कुठं असतो फ्यूज?’ मला पटलं. बहुतेक गाड्यांत स्टार्टरच्या मुख्य वायरवर फ्यूज नसतो, हे खरंच आहे. पण तिथे ती वायर दोन-तीन फुटांची असते आणि बॉनेटखालीच राहते. माझी वायर डिकीतून निघून, मागच्या सीटखालून, उजव्या दाराच्या कडेने, गालिच्याखालून, बायकोच्या पायांशेजारून पुढे जात होती. इंजिन आणि आपण यांच्यामधला जो पत्रा असतो, फायरवॉल, त्याला भोक पाडून ती पलीकडे नेली. भोकाच्या कडेला रबरी बुश बसवायचा असतो, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. तो बुश सत्तर सेंटला मिळतो. आम्ही चिकटपट्टी गुंडाळली.

गाडी सुरू झाली. डिकीत बॅटरी, बॉनेटमध्ये रिकामी जागा, एकदम प्रो लुक. बायकोला सांगितलं नाही. तिला पाचवा महिना होता. उगाच टेन्शन कशाला द्यायचं? हा माझा त्या वेळचा सुविचार.

पुढच्या आठवड्यात इंग्लिशटाऊनला गेलो. तिथे आधी गाडी तपासतात. तपासनीस साठीचा, पांढऱ्या मिशांचा, हातात टॉर्च. त्याने डिकी उघडायला लावली, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘स्विच कुठे आहे?’

‘कसला स्विच?’

त्याने टॉर्च विझवला. नियम पाठ होता त्याला. बॅटरी मूळ जागेवरून मागे नेली, की गाडीच्या मागच्या बाजूला, बाहेरून हात पोचेल असा मेन स्विच लागतोच. बंद करायची दिशा कुठली, ते त्यावर लिहिलेलं पाहिजे. ओढायचा-दाबायचा प्रकार असेल तर दाबल्यावर बंद झाला पाहिजे. बॅटरी साध्या पट्ट्याने नाही, ३/८ इंची बोल्टने फ्रेमला आवळलेली पाहिजे. आणि डिकी व प्रवासी यांच्यामधे धातूचा पडदा पाहिजे, नाहीतर बॅटरी सीलबंद डब्यात हवी आणि डब्याची हवा गाडीबाहेर सोडलेली हवी; कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

मी म्हटलं, ‘पण मी आतून चावी बंद करू शकतो ना!’

तो म्हणाला, ‘पोरा, हा स्विच तुझ्यासाठी नाही. तू उलटा लटकलेला असशील आणि तुझ्याकडे धावत येणारा माणूस तुला ओळखतही नसेल, तेव्हा त्याच्यासाठी आहे.’

मला परत पाठवलं. मी रस्ताभर चिडलेला होतो. म्हटलं, म्हातारा नियमावर बोट ठेवून बसलाय. साधी मस्टँग, चौदा-पंधरा सेकंदांची, हिला कशाला एवढं नाटक?

त्यानंतर दोन रविवार गेले. रूट नाइनवर, ओल्ड ब्रिज ओलांडून आम्ही फ्रीहोल्डकडे चाललो होतो. बायको म्हणाली, ‘अरे, कसला वास येतोय? प्लास्टिक जळल्यासारखा?’ मी म्हटलं, पुढच्या ट्रकचा असेल. दोन मिनिटांनी ती पाय वर घेत म्हणाली, ‘माझ्या पायाखाली गरम लागतंय.’ आणि गालिच्याच्या कडेतून पांढरा धूर वर आला.

गाडी कडेला घेतली. चावी बंद केली. इंजिन बंद झालं, धूर चालूच. इंजिनाच्या थरथरीने पत्र्याची धार चिकटपट्टी कापून, वायरचं कव्हर कापून तांब्यापर्यंत पोचली होती. गाडीची सगळी बॉडी म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक. म्हणजे वीस फुटांची वायर थेट शॉर्ट. चावीचा आणि तिचा काही संबंधच नव्हता. शेकडो अँपिअर द्यायची ताकद असलेली बॅटरी आणि तिला थांबवणारं वाटेत काहीही नाही. फ्यूज? तो घरी ड्रॉवरमध्ये.

बायकोला बाहेर काढलं. दार उघडताना तिचा हात थरथरत होता की माझा, आठवत नाही. डिकी उघडली. डब्याचं झाकण चार स्क्रूंचं. ते उपटून काढलं. निगेटिव्हच्या नटला पाना लावला. घाईत तळहात बॅटरीच्या गरम टोकावर टेकला. दुखलं नाही त्या वेळी. नट सुटला, केबल उचलली आणि सगळं शांत झालं. बाजूने गाड्या जात होत्या. बायको कठड्यापाशी, दोन्ही हात पोटावर ठेवून उभी होती. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘ही वायर माझ्या पायाखालून जाते, हे तुला माहीत होतं?’

याला उत्तर काय द्यायचं? माहीत होतं.

त्या रविवारी ठाण्याला फोन तिने लावला. मी हाताला बर्फ लावून बसलो होतो. तिने बाबांना सगळं सांगितलं, मग रिसिव्हर माझ्याकडे दिला. मला वाटलं, आता सुनावणार. बाबांनी एकच विचारलं, ‘फ्यूज कुठे होता?’

‘काढला होता.’

बराच वेळ काही आवाज नाही. कॉलिंग कार्डाची मिनिटं चालली होती. मग म्हणाले, ‘मी किटकॅट कुठे ठेवायचो, आठवतं ना तुला?’

आठवतं. चॉकलेट नाही हो, चिनी मातीचा फ्यूज! लाइनवर काम करायच्या आधी बाबा तो उपसून स्वतःच्या पँटच्या खिशात घालायचे. पेटीवर ठेवायचे नाहीत, हेल्परकडेही द्यायचे नाहीत. घरी आल्यावर कधी कधी खिशात तसाच सापडायचा आणि आई ओरडायची. मी लहानपणी विचारलं होतं, खिशात का? तर म्हणाले होते, ‘मी वर असताना खालून कुणी चुकून लावायला नको.’ तेव्हा मला ते भित्रेपणाचं वाटलं होतं. माझे वडील एवढे अनुभवी, आणि त्यांना स्वतःच्या सावधपणावरच भरवसा नाही? रूट नाइनच्या कडेला उभं राहिल्यावर कळलं, की त्यांना भरवसा नव्हता तो नशिबावर. आणि त्या म्हाताऱ्या तपासनिसालाही.

गाडी विकून टाक, असं बायको म्हणेल, याची मी वाट बघत होतो. ती म्हणाली, ‘नीट कर. आणि या वेळी मी बघणार.’

मग नीट केलं. जाड वेल्डिंग केबल आणली. दोन्ही टोकांना लग दाबून बसवले, सोल्डरच्या भरवशावर सोडले नाहीत. वायर गालिच्याखालून काढून गाडीच्या खालून, सायलेन्सरपासून लांब, दर फूट-दीड फुटाला क्लिप मारून नेली. प्रत्येक भोकाला रबरी बुश. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ३०० अँपिअरचा फ्यूज. स्टार्टरला पुरून उरणारा, पण शॉर्ट झालं तर उडणारा. बॅटरीजवळ ठेवायचा कारण फ्यूज वायरला वाचवतो, बॅटरीला नाही. त्याच्या अलीकडची जेवढी वायर, तेवढी उघड्यावर. निगेटिव्ह टोकासाठी डिकीतला रंग पार चकाकेपर्यंत खरवडून फ्रेमला बोल्ट, आणि पुढे इंजिनापासून फ्रेमपर्यंत वेगळी जाड पट्टी. बॅटरी सीलबंद, एजीएम जातीची, तरीही डब्यात आणि डब्याची नळी बाहेर. मागे, नंबरप्लेटच्या वर, लाल दांड्याचा स्विच. बायको खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येक बुश मोजत होती. खर्च पहिल्याच्या चौपट.

पुन्हा इंग्लिशटाऊन. तोच तपासनीस. डिकी बघून मान डोलावली. मी मनात म्हटलं, आता कसं! तो म्हणाला, ‘इंजिन चालू ठेव.’ मागे गेला, लाल दांडा फिरवला.

इंजिन चालूच!

मी हबकलो. तो हसला. ‘सगळे इथेच चुकतात,’ म्हणाला. बॅटरी तोडली तरी इंजिन फिरतंय तोवर अल्टरनेटर वीज बनवत असतो आणि तीच इग्निशनला आणि पेट्रोल पंपाला मिळत राहते. म्हणजे अपघात झालाय, कुणी धावत येऊन स्विच बंद केला, तरी पंप पेट्रोल फेकतोच आहे. उपाय असा, की अल्टरनेटरची चार्जिंगची वायर पुढे न जोडता स्वतंत्र मागे आणायची आणि स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला लावायची, तिच्यावरही फ्यूज देऊन. मग दांडा फिरवला की बॅटरी आणि अल्टरनेटर दोघेही बाकीच्या गाडीपासून तुटतात. आणखी एक वीकेंड, आणखी वीस फूट वायर. तिसऱ्या खेपेला त्याने दांडा फिरवला आणि इंजिन गप्प झालं. त्या शांततेचा मला जेवढा आनंद झाला, तेवढा कुठल्याच टाइम स्लिपचा झाला नाही.

आणि टाइम? हं. ६० फुटांचा आकडा २.२ वरून २.१ वर आला. पाव मैलात एक दशांश सेकंदाहून थोडं जास्त वाचलं. एवढ्यासाठी!

त्याच वर्षी मुलगी झाली. पुढच्या वर्षी, जून २००८मध्ये, त्याच इंग्लिशटाऊनच्या ट्रॅकवर स्कॉट कॅलिटा हा नावाजलेला फनी कार ड्रायव्हर क्वालिफाइंगच्या वेळी इंजिनाचा स्फोट होऊन गेला. त्यानंतर सगळ्यात वेगवान वर्गांची शर्यत १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणली गेली. बातमी वाचून त्या रात्री मी त्या पांढऱ्या मिशांच्या माणसाचा विचार करत राहिलो. त्याच्याकडचा प्रत्येक नियम असाच कुठल्या तरी दिवसानंतर लिहिला गेला असणार. २००९ साली मस्टँग विकली आणि आम्ही परत आलो. जानेवारी २०१८मध्ये रेसवे पार्कनेही ड्रॅग रेसिंग कायमचं बंद केलं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण, माझा भाचा. पुण्यात नोकरी, हातात होंडा सिटी, लोणावळ्यापलीकडच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींचे व्हिडिओ बघून पेटलेला. परवा म्हणाला, ‘मामा, बॅटरी डिकीत टाकतोय. तू केलं होतंस ना?’

त्याला म्हटलं, आधी सांग, तुझ्या गाडीत जोर कुठल्या चाकांना? पुढच्या. मग पुढचं वजन उचलून मागे नेलंस तर सुटताना पकड कमी होणार, वाढणार नाही. अमेरिकेतला मस्टँगवाला जे करतो, ते सिटीत करणं म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावण्यासारखं आहे. त्याचा चेहरा पडला. पण बीएमडब्ल्यूत तर बॅटरी डिकीतच असते, म्हणाला. असते. आणि त्यांच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये अपघाताच्या क्षणी छोटा स्फोट करून ती केबल आपोआप तोडणारं टर्मिनलही असतं. कंपनीलासुद्धा त्या लांब वायरची भीती वाटते, मग आपल्याला का वाटू नये?

तो गेल्यावर मुलगी म्हणाली, ‘बाबा, तेव्हा मी गाडीत होते ना?’ तिला ही गोष्ट आईने केव्हाच सांगितलेली आहे. मी ‘हो’ म्हटलं. आतून बायकोचा आवाज आला, ‘त्याला फ्यूजचं सांगितलंस का?’

सांगितलं नव्हतं. बॅटरी हलवायचीच नाही म्हटल्यावर फ्यूजचं कशाला सांगायचं? पण तिचं बरोबर होतं. त्या वयात ‘नको’ ऐकून कोण थांबतं? मी फोन उचलला.